ग्बोकोची योसेफ

१२ नोव्हेंबर, रविवार
जमलं! महिला मंडळानं हात वर करून माझा ठराव मंजूर केला! दरवर्षी आमच्या ग्बोको गावात सुगीच्या उपासनेनंतर देवाला वाहिलेला मका चर्चच्या अंगणात लिलावात निघतो, लोक नाचत नाचत बोली लावतात. यंदा लिलाव नाही! सगळी पोती चर्चच्या शाळाखोलीत. पेट्रोल महागलं, डॉलरपुढे आमचा नायरा गडगडला, राजधानी अबुजातल्या साहेबांना काही सुचेना — आणि उपाय केव्हाचा बायबलात, उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायात! योसेफानं फारो राजाला सांगितलं तेच: सुकाळात साठवा, दुष्काळात कोठार उघडा. पाळकसाहेब म्हणाले, "इवेरेन, आता तूच आमची योसेफ." कोठाराची चावी माझ्या गळ्यात घातली.

शेजारची दूसूर शिंपीण म्हणते, "मग योसेफाला होता तसा तुझा रंगीबेरंगी झगा मीच शिवणार, बाई!"

२१ जानेवारी
पोती उघडून पाहिली. कडुलिंबाचा पाला कामी आला. एकही टोका किडा नाही!

३१ मार्च, ईस्टर
दूसूरनं खरंच शिवला की! चिंध्या जोडून, लाल-पिवळा-निळा. चर्चभर हशा. मी तो घालून अशी नाचले, की पाळकसाहेबही उठले.

१९ मे
कोठार उघडलं! बाजारात मक्याला हात लावता येत नाही, आमच्याकडे अर्ध्या भावात. रांग रस्त्यापर्यंत. नियम माझाच — उधारी नाही. दूसूरनं कुरकुर केली, "अगं, शिलाईच कोण देतंय सध्या?" पण योसेफानं तरी कुठे फुकट वाटलं? देश चालवायचा तर असंच! अबुजाला कळवायला हवं खरं तर.

९ जून
लोकांकडचे पैसे संपले. म्हटलं, शेळ्या चालतील! चर्चचं अंगण शेळ्यांनी भरलं, नुसती बेंबें. पाळकसाहेब खूश. दूसूरनंही तिची काळी शेळी आणून बांधली. लगेच निघाली, घाईत असावी.

२३ जून
दूसूर दारात. डोक्यावर शिलाई मशीन. "पैसे संपले, शेळी तुझ्याच ताब्यात. आता मक्यासाठी हे घे, योसेफबाई. पोरं उपाशी आहेत." आणि हसली! मला हसता येईना.

तिला बसवून उत्पत्ती उघडलं. एवढे दिवस एकेचाळीसच घोकत होते. सत्तेचाळिसावा वाचला. योसेफानं आधी लोकांचे पैसे घेतले, मग गुरं, मग शेतं, शेवटी माणसंच फारोची गुलाम.

मशीन मीच डोक्यावर घेऊन तिच्या घरी पोचवलं, मागोमाग तिची शेळी. गळ्यातली कोठाराची चावी काढून मशीनच्या खणात ठेवून आले.