पुढच्या पाठीमागे

आल्देगा, ११ जानेवारी

चि. हिस्केस आजीचे अ. आ.

वि. वि. सगळ्यांत आधी आली ती शेजारची त्रिन्त्ये. तुझी स्केटिंगची शर्यत दुपारची, पण ही बाई जेवणाची भांडी तशीच टाकून स्वतःची खुर्ची उचलून हजर. माझ्या खुर्च्या कुरकुरतात म्हणे, त्यामुळे तिला शर्यत नीट दिसत नाही! बुटांचा बर्फ माझ्या पायपुसण्यावर न झाडता थेट आत आली. असो. तिनं आल्याचा केक आणला होता म्हणून मी गप्प बसले.

तुझं नाव टीव्हीवर आलं तेव्हा त्रिन्त्येनं टाळ्या वाजवल्या. ती नॉर्वेची उंच पोरगी तुझ्या जोडीला होती, आणि तू बर्फावरून काय सुसाट निघाली होतीस गं! डिसेंबरात खोकत होतीस ती हीच का, असं वाटलं. मग दर फेरीला आतली-बाहेरची वाट बदलायची असते त्या जागेवर ती बाहेरून आत आली. तू आतून बाहेर जायला हवं होतंस, पण तू तिच्यामागे आतच राहिलीस. मला आधी कळलंच नाही. कळलं त्रिन्त्येला. ती म्हणाली की बाउक्ये, तुझी नात बाई चुकलीच. नंतर सगळ्यांच्या नावापुढे वेळ आली, तुझ्यापुढे नुसती रेघ, बाद म्हणून.

मी रागावले नाहीये. पण तीन वर्षं झाली, तू ह्या एका गोष्टीसाठी पहाटे उठतेस. आपल्या देशातून जागतिक स्पर्धेला तिघीच जाणार, आणि आता हातात फक्त हीरेनवेनची शर्यत उरली, असं टीव्हीवाला सांगत होता. खरं का ते? काय झालं ते मोकळेपणी लिही. शेळीला पिल्लू झालंय, पांढरं आहे.

माया आहे ती आहेच, तू मात्र दोन पायमोजे घालत जा.
तुझी आजी

*

हामार, १६ जानेवारी

ती. आजीस हिस्केचा सा. न.

वि. वि. खरं आहे. हीरेनवेनला आपल्या देशाच्या मुलींत निदान तिसरी आले तरच जाईन, नाहीतर हा हंगाम इथेच संपला. आमचे प्रशिक्षक ओरडले नाहीत, हेच जास्त लागलं. ते फक्त म्हणाले की डोकं कुठे होतं?

आजी, हसू नकोस. डोकं आपल्या गोठलेल्या कालव्यावर होतं. पाय भरून आले होते, श्वास पुरत नव्हता, आणि अचानक समोर एक रुंद पाठ आली. मला तू दिसलीस. आजोबांची ती लांब काठी दोघींनी धरलेली, स्केटवर तू पुढे, मी मागे, आणि तू वारा अंगावर घेत ओरडायचीस की माझी पाठ सोडू नकोस. मी सोडली नाही! दुसऱ्या कुठल्या देशाची मुलगी असली चूक करणार नाही बघ.

नंतर मी बाकावर तोंड लपवून बसले होते. ती उंच पोरगी, तोरुन तिचं नाव, आली आणि तिनं स्वतःचं जाकीट माझ्या खांद्यावर टाकलं. खाऊ घातलं, तपकिरी गोड चीज लावलेलं वाफल. काय झालं विचारलं. मी रडत रडत काठीची गोष्ट सांगितली, तर ती इतकी हसली की तिलाच ठसका लागला. म्हणाली की ती काठी मला बघायचीच आहे, आणि ती आजीसुद्धा. नॉर्वेचा संघ शर्यतीच्या आठवडाभर आधी आपल्याकडे येणार आहे. आणू का तिला?

शेळीच्या पिल्लाचं नाव मी आल्याशिवाय ठेवायचं नाही.

तुझ्या मायेवरच उभी आहे, ती कमी करू नकोस.
हिस्के

*

आल्देगा, २२ जानेवारी

चि. हिस्केस अ. आ.

वि. वि. आण, हे काय विचारणं झालं? रडणाऱ्या पोरीला जाकीट देते ती कुठल्याही देशाची असो, माझ्या घरी तिनं जेवायलाच हवं. वाटाण्याचं सार करीन, चमचा उभा राहील असं. तिला डुकराचं चालतं ना?

काठी गोठ्यात होती. पुसली, तेल लावलं. आजोबांच्या हातानं गुळगुळीत झालेली जागा अजून तशीच आहे. ते नेहमी पुढे असायचे. ते गेल्यावर मी पुढे आले, तेव्हा तू आठ वर्षांची. मी कशाला पुढे गेले असते? पण वारा तुझ्या तोंडावर बसत होता.

कालवा गोठलाय. गावच्या स्केटिंग मंडळाची माणसं रोज सकाळी झाडू घेऊन बर्फावर उतरतात. त्यांना मी बडीशेपेचं गरम दूध नेऊन देते, तेव्हा ते तुझी चौकशी करतात. त्यांतला एकही तुला नावं ठेवत नाही, एवढं लक्षात ठेव.

ह्या खेपेला काठीच्या पुढे तू. मी मधे, पाहुणी मागे. माझं ठरलंय.

वाटेकडे डोळे लावून,
आजी

*

हीरेनवेन, ५ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

वि. वि. रविवारपासून माझ्या हातांना त्या काठीचा वास आहे. तोरुन अजून तुझी नक्कल करते: एकाहत्तर वर्षांची बाई मधून ओरडतेय की पुढची, मागे बघू नकोस! ती पडली तेव्हा तू काठी सोडली नाहीस आणि तिला तशीच ओढत नेलंस, हे तिनं सगळ्या नॉर्वेच्या संघाला सांगितलंय. चार वाट्या साराचंही.

मला मात्र एकच आठवतं. पुढे कुणाची पाठ नव्हती. लव्हाळ्याची बनं, वारा, आणि मागून तुझा श्वास. मी पहिल्यांदा वारा अंगावर घेतला आणि तू त्याच्या आड निवांत होतीस. इतकी वर्षं तू हे कसं केलंस गं? मी कधी विचारलंच नाही.

आता खरी बातमी. सोडतीत माझी जोडी पुन्हा तोरुनशीच लागली. तीच पाठ! तोरुन म्हणते की मी तुझ्यासाठी हळू जाणार नाही, तूही माझ्यासाठी चुकू नकोस. शनिवारी टीव्ही लाव आणि त्रिन्त्येला तिच्या खुर्चीसकट बसव.

आशीर्वाद मोठ्या आवाजात दे, इथपर्यंत यायला हवा.
हिस्के

*

आल्देगा, ९ फेब्रुवारी

चि. हिस्केस अ. आ. आणि वर आणखी

वि. वि. स्वयंपाकघरात काय झालं ते तू काल फोनवर विचारत होतीस, पण त्रिन्त्येनं मला तोंड उघडू दिलं का? म्हणून लिहिते.

झाडूवाले सगळे आले होते, ओल्या बुटांनी. मी पायपुसणं उचलून ठेवलं. तू आणि तोरुन बरोबरीनं फिरत होतात तोवर सगळे ओरडत होते. शेवटची अदलाबदल आली. ती बाहेरून आत येत होती, तुझ्या एक हात पुढे, आणि तिची ती रुंद पाठ बरोबर तुझ्या नाकासमोर. तुझी मान खाली गेली होती. दमलीस की अशीच जाते, लहानपणापासून. त्रिन्त्येनं तोंडावर पदर घ्यावा तसा ॲप्रन ओढला आणि आतून विचारत राहिली की गेली का बाहेर, बाउक्ये, गेली का?

तू मान वर केलीस. तिच्या मागून अशी बाजूला निघालीस, एकटी, मोकळ्या बर्फावर, जसं काही तिथे तुझ्यापुढे कधी कुणी नव्हतंच. गेली गं, म्हणाले मी. पुढचं मला नीट दिसलं नाही. तोरुन जिंकली आणि तू आपल्या मुलींत तिसरी, हे झाडूवाल्यांनी सांगितलं. त्रिन्त्येनं माझा मुका घेतला. चाळीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा.

तू विचारलंस मी कसं केलं. अगं, मागून तुझा श्वास ऐकू यायचा ना, म्हणून केलं. त्या रविवारी तुझ्या आड वारा लागला नाही, तेव्हा मला तुझ्या आजोबांची आठवण आली. मी पण कधी त्यांना विचारलं नव्हतं. आता कुणाकुणाचे आभार मानू? तुझे, त्यांचे, झाडूवाल्यांचे, जाकीटवाल्या पोरीचे. तिच्या आईला चीज पाठवते आहे, आपल्याकडचं, लवंगांचं. तिनं आणलेलं त्यांचं ते गोड चीज मात्र मला गेलं नाही, हे तिला सांगू नकोस.

पिल्लाचं नाव तोरुन ठेवलंय. शेळीची हरकत नाही.

जागतिक स्पर्धेत जशी येशील तशी ये, माझ्या घरचं सार नंबर बघून वाढत नाहीत.
तुझीच,
आजी

ता. क. त्या रविवारी निघताना दोघींनी कबूल केलंय ते मी चुलीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. तेव्हा बर्फ नसेल, असं मी तोरुनला म्हणाले, तर ती म्हणाली की मग काठी धरून कुरणातून चालू, आणि पुढे मी. काठी दाराशीच ठेवली आहे. तुम्ही येणार शनिवारी, २१ मार्चला.