दुकान अजून उघडलेलं नाही

३ जानेवारी, शनिवार

दुकान आज उघडणार होतं. उघडलं नाही.

काउंटरवर एक संत्रं ठेवून पाहिलं — घरंगळलं. डावीकडे! सुताराला परत बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, संत्रं गोल असतं." हे मला सांगतोय. माझा जन्म गेला संत्र्यांत. पण गोल आहे म्हणून घरंगळायलाच पाहिजे असं कुठं आहे?

त्यानं खाली एक पट्टी ठोकली. आता उजवीकडे घरंगळतं.

५ जानेवारी, सोमवार

दुकान ही लेकीची कल्पना. बागेच्या रस्त्याकडच्या टोकाला पंपाची जुनी खोली आहे, पडूनच होती. ती म्हणाली, "व्यापाऱ्याची मनधरणी किती दिवस करायची बाबा? आपली संत्री आपणच विकू." मी तिथल्या तिथे हो म्हणालो. एवढंच म्हणालो की करायचं तर नीट करायचं.

हे ऐकून ही, लेकीची आई, उठून स्वयंपाकघरात गेली. का, ते कळलं नाही.

शटर बसवलं, किल्ली माझ्याकडे. माझे नियमही साधे आहेत. डाग असलेलं फळ दुकानात येणार नाही. लहान-मोठं एका टोपलीत येणार नाही. देठ सगळ्यांचे एकाच बाजूला. यात जगावेगळं काय आहे?

७ जानेवारी, बुधवार

पाटी रंगवणारा आला होता. 'ताजी संत्री' लिहिलंय. 'ताजी' ऐसपैस बसलंय आणि 'संत्री' कोपऱ्यात अंग चोरून. पुसायला लावलं. दुसऱ्यांदा 'संत्री' ऐसपैस, 'ताजी' अवघडलेलं. पुन्हा पुसायला लावलं.

"काका, लोक संत्री खाणार का पाटी?" म्हणाला.

माणूस चांगला आहे, पण सरळ रेषेशी त्याचं जमत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

जेवताना लेकीनं सांगितलं. शहरात एका विमा कंपनीच्या ऑफिसात जागा आहे. दोन फेब्रुवारीला, सोमवारी, हजर व्हायचं. "तोवर दुकान उघडलं तर मी इथं. नाहीतर मी जाते, बाबा."

ओरडली नाही, रुसली नाही. कोशिंबीर वाढून घेतली आणि जेवत राहिली. ती गेली तर ही बाग कुणासाठी? मी आणि ही — दोघं बसणार एकमेकांची तोंडं बघत!

आई म्हणाली, "अति तिथं माती." आईला कमी ऐकू येतं. पण नेमकं जे ऐकू येऊ नये ते येतं.

बोललो, "होईल वेळेत. फक्त काउंटर, पाटी, आणि शटरच्या कड्या."

१२ जानेवारी, सोमवार

नवल घडलं. ही आपणहून म्हणाली, "अहो, कड्या पितळेच्याच हव्यात ना तुम्हाला? मग शहरातच बघा. इथल्या काय कामाच्या! सावकाश जा, चार दुकानं हिंडा."

इतकी वर्षं संसार झाला. आज पहिल्यांदा वाटलं, हिला माझं म्हणणं कळलं. उद्या जातो.

१३ जानेवारी, मंगळवार

कड्या मिळाल्या. फिक्या आहेत.

१५ जानेवारी, गुरुवार

कड्या बदलायला पुन्हा शहरात. निघताना ही म्हणाली, "आणि पडद्याचं कापडही बघून या. रंग तुम्हीच निवडा, आम्हाला काय कळतंय." लेक म्हणाली, "घाई करू नका हं, बाबा."

घरात दर्जाची जाण वाढते आहे.

१७ जानेवारी, शनिवार

पडद्याच्या कापडासाठी आज पुन्हा शहरात जाऊन आलो. काही बारीकसारीक गोष्टी.

अंगणात स्कूटरच्या चाकांच्या खुणा. विचारलं तर ही म्हणाली, कुणीतरी रस्ता चुकलं होतं. एवढे सगळे चुकले?

आईची खाट उन्हात होती, पाय चिखलानं भरलेले. म्हणजे खाटेचे. ही म्हणाली, ढेकूण झाले. आमच्या घरात ढेकूण! मी स्वतः एकेक फट तपासली. एकही नाही.

संध्याकाळी आई म्हणाली, "आज काय गर्दी होती रे बाबा! माझी तर कंबर मोडली." आईला भास व्हायला लागलेत. हिला म्हटलं, डॉक्टरांना दाखवायला हवं. ही म्हणाली, "हो, दाखवू." आणि पदर तोंडाला लावला. सासूची काळजी आहे तिला, मी नेहमीच म्हणतो.

१९ जानेवारी, सोमवार

लेक हल्ली काम करताना गुणगुणते. नोकरीचा विषयही काढत नाही. पोर समजूतदार आहे. माझ्यावर गेली आहे.

२१ जानेवारी, बुधवार

शहरातून परत आलो तर मी बाजूला काढलेली डागाळलेली संत्री गोठ्यात नाहीत. ही म्हणाली, गाईला घातली. गाय बघून आलो. तिच्या तोंडावर तसं काही दिसलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

शहरात हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू निवडत होतो. शेजारी एक निवृत्त शिक्षिका, कुलूप घ्यायला आलेल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही त्या संत्रीवाल्या मुलीचे वडील ना? तोंडवळा अगदी तोच."

म्हटलं, "हो. पण दुकान अजून उघडलेलं नाही."

"अहो, असं कसं? परवाच नेली की मी! डागाळलेली आहेत पण साखर आहे साखर, म्हणाली. खरंच होती." मग जरा थांबून म्हणाल्या, "आज तुम्ही इकडे म्हणजे उघडं असेल, नाही का? पोरगी म्हणाली होती — बाबा बाहेर गेले की या."

बाबा बाहेर गेले की या.

स्क्रू तिथंच ठेवले. घरी आलो ते मागच्या वाटेनं, गाडी कालव्यापाशी लावून, बागेतून चालत. स्वतःच्या बागेत चोरासारखा! शेवटच्या ओळीतून पाहिलं.

शटर बंदच होतं. त्याच्यापुढे आईची खाट. खाटेवर संत्र्यांचा ढीग — लहान-मोठी, डागाची, बिनडागाची, देठ दाही दिशांना. एका खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर कोळशानं लिहिलेलं 'संत्री'. वेलांटी पुठ्ठ्याबाहेर गेलेली. आई खुर्चीत बसून पिशव्या उघडून देत होती. लेक तोलत होती आणि तोलून झाल्यावर वर एक टाकत होती. माणसं होती. बरीच होती. आणि ही — ही कुणाशीतरी बोलता बोलता मान मागे टाकून हसली. असं हसताना मी तिला कधी पाहिलं होतं ते आठवेना.

राग आला असता तर बरं झालं असतं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्या तिघी सुखात होत्या, आणि त्याला एकच अट होती. मी तिथं नसणं.

पुढे झालो नाही. काय म्हणणार होतो? देठ?

परत कालव्यापाशी गेलो. गाडी काढली आणि पुढच्या रस्त्यानं आलो. फाटक यायच्या बरंच आधी हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला, लांबलचक. त्यांना आवरायला वेळ मिळावा म्हणून.

पोचलो तेव्हा अंगण रिकामं. ही म्हणाली, "मिळाले का स्क्रू?"

म्हटलं, "नाही. पुन्हा जावं लागेल."

२४ जानेवारी, शनिवार

गेलो.

२७ जानेवारी, मंगळवार

आज शहरात काहीच काम नव्हतं. बसस्टँडवर बाकावर बसलो. समोरच्या भिंतीला टाइल्स बसवल्यात, तिसऱ्या रांगेत एक वाकडी आहे. दुपारपर्यंत तिच्याकडे बघत होतो. मग कंटाळा आला. वाकडेपणाचाही कंटाळा येतो हे नव्यानंच कळलं.

येताना हॉर्न वाजवला.

२९ जानेवारी, गुरुवार

पुन्हा बाक. आता तिथला चहावाला विचारतो, "काका, कुठली गाडी?"

म्हटलं, "उशिराची."

३१ जानेवारी, शनिवार

लेक रस्त्यावरच उभी होती, फाटकाच्या बरीच अलीकडे. मी हॉर्न वाजवतो तिथेच. गाडी थांबवायला लावली.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

म्हटलं, "काय?"

"बाबा!"

"मागच्या शुक्रवारपासून."

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. म्हणाली, "मग बोलला का नाहीत? मला वाटलं होतं, एक दिवस तुम्ही अचानक याल, भांडाल, आरडाओरडा कराल आणि मग एकदाचं सगळं उघड होईल. तुम्ही हॉर्न वाजवताय! असं किती दिवस चालवायचं? तुम्ही तिकडे बसस्टँडवर — गिऱ्हाइकांनी पाहिलंय — आणि आम्ही स्वतःच्याच दारात चोरून? मला नाही जमणार. सोमवारी मी ऑफिसला जाते."

म्हटलं, "दुकान चांगलं चाललंय की."

"तुम्ही नसताना," म्हणाली.

गाडीत बसली नाही. चालत पुढे गेली. मी मागून, पहिल्या गियरमध्ये.

१ फेब्रुवारी, रविवार

तिला काय सांगायचं ते सकाळपासून जुळवतोय. 'चुकलो' म्हटलं तर फार थोडं वाटतं. 'माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना' असं सुरू केलं तर भाषण होतं. 'तू जाऊ नकोस' हे आधी घ्यावं की शेवटी? आधी घेतलं तर गरजवंत वाटतो. शेवटी घेतलं तर तोवर ती ऐकत थांबेल का?

दुपारी गोठ्यात म्हणून पाहिलं. मधेच अडखळलो. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

ही येऊन दारात उभी राहिली. बराच वेळ ऐकलंन. म्हणाली, "अहो, गाईला पाठ झालं. पोरीला कधी सांगणार?"

"नीट जमू दे," म्हटलं.

हिनं माझ्याकडे बघितलं फक्त. त्या बघण्याला मी आयुष्यात घाबरलो नव्हतो इतका घाबरलो. लेकीच्या खोलीतून इस्त्रीचा वास येत होता.

संध्याकाळी तिच्या दारापर्यंत गेलो. परत आलो. शेवट जमत नव्हता.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी शटर वर केलं. टोपल्यांतून हाताला येतील ती संत्री काउंटरवर ओतली. काही खाली पडली, पडू दिली. शाळेच्या रिक्षावाल्यानं गाडी थांबवून विचारलं, "उघडलं का?" म्हटलं, उघडलं.

तेवढ्यात लेक इस्त्रीचे कपडे घालून, पर्स घेऊन बाहेर आली. मी म्हणालो, "हे बघ, मी—" पुढचं काही आठवेना. एक शब्द नाही! नुसता उभा राहिलो, दोन्ही हातांत संत्री.

तिनं मग पर्स काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, गिऱ्हाईक उभं आहे. पिशवी धरा."