मावशीने निवडलेलं कार्ड

सोमवार, ३ मार्च
साहेबांनी आज छापखान्यात सगळ्यांसमोर विषय काढला. एका दवाखान्याला पेशंटसाठी औषधांची कार्डं हवीत — कुठली गोळी कधी घ्यायची, एवढंच. चित्रं काढणारं एआय दोन मिनिटांत करून देतं म्हणे, मग माझा आठवडा कशाला खर्ची घालायचा? मी म्हटलं, त्याला मांडणी कळते का ते तरी बघू. शुक्रवारपर्यंत मुदत मिळाली.

मंगळवार, ४ मार्च
दिवसभर त्याच्याशी झटापट. रंगांचा तोल उत्तम. ठळक काय, फिकं काय, नजर आधी कुठे जावी — बरंचसं कळतं त्याला, मान्य करायलाच हवं. पण जागा मोकळी सोडवत नाही! कोपरा रिकामा ठेव म्हटलं की तिथे फूल. पुन्हा बजावलं, तर दोन फुलं.
आणि अक्षरं? लांबून मराठी वाटतात. जवळून पाहिलं तर निव्वळ गिचमिड. एक शब्द वाचता येईल तर शपथ.

बुधवार, ५ मार्च
फुलं गेली. अक्षरं तशीच.

गुरुवार, ६ मार्च
दोन्ही कार्डं घरी आणली, माझं आणि एआयचं. मावशीला दाखवायचं ठरवलं. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं. आता आम्ही दोघीच. गेल्या महिन्यात रक्तदाबाची गोळी चुकून दोनदा घेतली आणि भोवळ येऊन न्हाणीघरात पडली. थोडक्यात वाचली.
माझ्या कार्डावर मोठी, ठसठशीत अक्षरं. एआयच्या कार्डावर सूर्य, चंद्र, ताट, गोळ्या. अक्षरं फक्त तळाशी. तिने जराही विचार न करता एआयचं उचललं.
"हे बघ कसं स्वच्छ आहे. सकाळी एक, रात्री दोन. तुझ्यात नुसती गर्दी."
माझ्यात गर्दी! हसले, पण लागलं. मग विचारलं, तळाशी काय लिहिलंय?
"तेच की. जेवण झाल्यावर घ्यायची."
तिथे काहीच लिहिलेलं नाही. ती नुसती गिचमिड आहे.
मी कार्डावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. ती ताटं घ्यायला उठली.

शुक्रवार, ७ मार्च
सकाळी तिनेच विषय काढला. माझ्याकडे न बघता. "शाळेत घातलंच नाही गं मला कुणी. तुला कळू नये म्हणून फार जपलं."
साहेबांकडून चार दिवस मागून घेतले. कार्ड आता आम्ही दोघी मिळून करणार.
लहानपणी ती रोज माझी वही समोर धरायची. समास नीट सोड. इथे दाटी झाली. ही ओळ जरा खाली घे. एकही सूचना चुकीची नसायची. मांडणी मी तिथेच शिकले — आणि मला वाटायचं, ती वाचतेय.