तांदळाच्या डब्यातली शिट्टी

मुलुंड, शनिवार, १४ मे १९८३

दुपारी बास्केटबॉलच्या सेमीफायनलला ह्यांनी पंच म्हणून नऊ नंबरला पाचवा फाऊल दिला, तो बाहेर गेला आणि मुलुंड हरलं. संध्याकाळी जिन्याखाली शेजारचे भांडत होते.

"नऊ नंबरनं हात लावलाच नव्हता रे."

"तुझा नऊ नंबर काय देव आहे?"

"पंच आपल्या जिन्यातला असला म्हणून काय? उद्या फायनलला दिसू दे, वाट लावतो."

मला पाहताच सगळे पांगले. त्या पांगण्याचीच धास्ती बसली.

उद्याच्या फायनललाही हेच पंच, म्हणून ह्यांची शिट्टी मी तांदळाच्या डब्यात लपवली. ह्यांनी ओळखलंच.

"दे गं ती. फाऊल माझाच चुकला. उद्या आधी मैदानात तेच सांगणार."

त्या सगळ्यांसमोर?

शिट्टी दिली. आत तांदळाचा दाणा अडकलाय, वाजणार नाही. दुसऱ्या कुणाची घेतील, कळतं मला. तरी सांगितलं नाही.