देवघराचं माप आणि लोखंडी पिंजरा

कोक्विटलाम,
९ फेब्रुवारी २०२५

चि. अरुणास, दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. माझा फोन मिलिंदच्या फॅमिली प्लॅनवर आहे, कुणाला केला ते त्याला बिलात दिसतं, म्हणून पोस्टाचा आधार. इथे काहीतरी शिजतंय. चिरंजीव बर्नाबीहून दर शनिवारी सूनबाईंना घेऊन येतात, किचनमध्ये तिच्याशी कुजबुजतात. मी गेलो की दोघं विंटर टायर्सवर बोलू लागतात. काल तर कहरच! मिलिंदनं टेप लावून देवघराचं माप घेतलं. तुझी शीलावहिनी गेली, पण तिनं मांडलेले देव जागचे हललेले नाहीत. देवघराचं माप घर हलवणाराच घेतो ना गं?

लायब्ररीतून फ्रान्सचा इतिहास आणलाय. क्रांतीत लोकांनी बास्तीयचा तुरुंग फोडला त्या दिवशी सोळाव्या लुईनं रोजनिशीत ‘काही नाही’ एवढंच लिहिलं. मी तेवढा भोळा नाही. माया आहेच तुझी, आता कानही उघडे ठेव.

तुझा दादा, विश्वनाथ

वॉटर्लू,
२० फेब्रुवारी

ती. दादास, अरुणाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पोटभर हसले! अरे, लुईकडे व्हर्सायचा महाल होता, तुझ्याकडे गळकं बेसमेंट. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना तू पडलास, ते मिलिंदनं कळवलं, तू नाही. काळजी वाटते रे त्याला. आणि कॉन्डोतला फ्लॅट काही वाईट नसतो. लिफ्ट असते, बर्फ दुसरं कोणी काढतं. एप्रिलमध्ये महिनाभर येतेय, तेव्हा बोलू. राग आला तरी लोभ आटवू नकोस.

तुझी अरुणा

कोक्विटलाम,
३ मार्च

चि. अरुणास आशीर्वाद.

मी कॉन्डोचा ‘क’ही काढला नव्हता. तुला कुठून कळला? आणि विमान म्हटलं की चक्कर येणारी तू, एकाएकी निघालीस? नेपोलियन हद्दपारीतून, एल्बा बेटावरून परतला, तेव्हा त्याच्याच जुन्या सरदारानं, मार्शल ‘ने’ यानं, फ्रान्सच्या नव्या राजाला शब्द दिला होता, की लोखंडी पिंजऱ्यात घालून आणतो त्याला. तुला मिलिंद धाडतोय का? खरं सांग. हे घर सुटलं तर शीला मला कुठे भेटणार गं?

दादा

वॉटर्लू,
१४ मार्च

ती. दादास शि. सा. न.

पकडलंस. तिकीट मिलिंदनंच काढलं, आणि दादाला कॉन्डोत नेते असा शब्द मीच त्याला दिला. बर्फात एकटा पडलास हे ऐकून घाबरले होते रे. पण तू पुस्तक अर्धंच वाचलंस. त्या मार्शलला जुन्या धन्याची चिठ्ठी आली, आणि तो फौजेसकट त्यालाच जाऊन मिळाला. तुझी शेवटची ओळ वाचून माझंही तेच झालं.

मिलिंदला फोन करून सांगितलं, वहिनीच्या देवांना हात लावायचा नाही. म्हटलं, ‘पायऱ्यांना कठडा आणि बर्फाला माणूस तू लाव, दादाजवळ मी राहते, माझं परतीचं तिकीट रद्द कर.’ मार्शलला पुढे गोळ्या घातल्या म्हणे. मिलिंदनं अजून नुसता फोन आपटलाय. पाहुण्यांच्या खोलीतली तुझी पुस्तकं उचलून ठेव. लोभ होताच, आता भांडणंही रोजची.

तुझी अरुणा