शेवयांच्या मशीनचा दांडा

मंगळवार, ७ एप्रिल. सकाळ.

आजचा दिवस मानवजातीच्या इतिहासात काळ्या शाईनं लिहिला जावा. माझ्या कामाच्या टेबलाला शेवयांचं मशीन आवळण्यात आलं. मला न विचारता. कारण टेबल सागाचं आहे, हलत नाही. स्वप्नालीचं, म्हणजे माझ्या धर्मपत्नीचं, म्हणणं: "तुम्ही तठे नुस्ता बोटंच हालावतस ना!" एवढा संसार करून नवऱ्याच्या कामाची ही व्याख्या.

मशीन शेजारच्या हुलासबाईंचं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ते गल्लीत घरोघर फिरतं. पद्धत अशी की आज आमच्या शेवया, तर दांडा फिरवायला शेजारीण येणार. उद्या तिच्याकडे, तर आमच्यातल्या कुणी जाऊन फिरवायचा. लेखी काही नाही. कुणाचं झालं, कुणाचं व्हायचंय, सगळं ओट्यावरून ओरडून. शी!

दुपार.

हुलासबाईंनी स्वतः दांडा फिरवला. शेवया छान झाल्या, ते जाऊ दे. कीबोर्डात पीठ गेलंय. स्पेसबार दाबला की भाकरी थापल्यासारखं वाटतं.

बुधवार, ८ एप्रिल.

शिस्त. आजपासून शिस्त. खिडकी, म्हणजे नवा कोड आत घ्यायची मुदत, सतराला बंद होतेय. त्याआधी जियानं लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारा कोड, लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, गेला आणि त्यावर माझा 'तपासला' असा शिक्का असला, की या विभागाचा अधिकृत रिव्ह्यूअर म्हणून माझं नाव कायमचं फाइलीत जाईल. मोठे साहेब तसं जवळजवळ म्हणालेत. (मेलमध्ये "विचार करू" असं होतं.) आमच्या अख्ख्या खांडबाऱ्यातून असं नाव कुणाचं गेलेलं नाही. स्पर्धेत मी एकटाच.

जिया बंगळूरला असते. वय माझ्या चपलांएवढं. हिवाळ्यात तिनं माझा पॅच, म्हणजे मी पाठवलेला कोड, तपासून दिला होता. आपला कुणी तपासला की त्याचा आपण तपासायचा, अशी या धंद्यात रीत आहे. फेडू. पण बारकाईनं फेडू.

दांडा फिरण्याच्या खडखडाटात बारकाई होत नाही. म्हणून दांडा काढून टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. तात्पुरता. मशीन त्यांनी खुशाल न्यावं.

गुरुवार, ९ एप्रिल.

पॅच वाचला.

मामला साधा आहे. कॅमेरा ज्या मेमरीत चित्र ओततो, तीच मेमरी स्क्रीननं वाचायची. नक्कल करायची नाही. एकच परात, दोघांचे हात. म्हणून नियम: ओतणाऱ्यानं "झालं" म्हटल्याशिवाय दुसऱ्यानं हात घालायचा नाही, आणि ज्यानं परात धरली त्यानं काम संपल्यावर सोडायची. एवढंच! लहान पोराला कळेल.

आणि या बाईचा ड्रायव्हर माझ्या टेबलावरच्या चाचणीच्या बोर्डावर लावला, तर चार चित्रं दाखवतो आणि गोठतो. कुणीतरी परात धरून बसलंय. कोण, हे उघड आहे. मेलिंग लिस्टवर लिहिलं की घेतलेली वस्तू परत करायची असते हे संस्कार कोडमध्ये नसतील तर निदान लिहिणाऱ्यात असावेत. वाक्य चांगलं जमलं. दोनदा वाचलं.

संध्याकाळ. हुलासबाईंकडचं मशीन बंद म्हणे. दांडा सापडत नाही. लोकांना वस्तू सांभाळता येत नाहीत.

शनिवार, ११ एप्रिल.

जियाचं उत्तर. नम्र. नम्र लोकांचा मला वीट आहे. म्हणते, "सर, तुमच्याकडे चाचणीचा व्ह्यूअर मागे उघडा राहिलाय का? तो बफर धरून ठेवतो." बफर म्हणजे तीच परात.

म्हणजे मी! माझ्याकडे! तिला लिहिलं, मी हे काम करत होतो तेव्हा तुम्ही पाटीवर रेघोट्या ओढत होता. व्ह्यूअर, म्हणजे चित्रं दाखवणारा प्रोग्राम, कुठेतरी मागे असेलही, पण तो पॉजवर आहे. पॉजवरचा माणूस कुणाचं काय धरणार?

हुलासबाई दारात आल्या. "नवनीतभाऊ, दांडा तुमनाकडे ऱ्हायी गया का?" मी म्हणालो, आमच्याकडून मशीन रीतसर गेलंय. गेलंच होतं. स्वप्नाली माझ्याकडे बघत होती. बघू दे.

सोमवार, १३ एप्रिल.

गल्लीत गलिच्छ वातावरण. हुलासबाईंनी शेवयांसाठी भिजवलेलं पीठ आंबलं, गायीला घालावं लागलं. पुढच्या सगळ्या घरांचं अडलंय. त्यांची सून फाल्गुनी आखाजीला माहेरी सुरतेला जाणार, तिच्याबरोबर द्यायच्या होत्या म्हणे.

सामायिक वस्तू वापरण्याचं शास्त्र माझ्याइतकं या तालुक्यात कुणाला येतं? गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नियम टाकले. घेणाऱ्यानं घेतल्याचं सांगावं, सोडणाऱ्यानं सोडल्याचं. "ज्यानं कुणी दांडा अडकवून ठेवलाय त्यानं जनाची नाही तरी मनाची ठेवावी." अंगठे बरेच आले. हुलासबाईंचा नाही आला.

बोर्ड अजून गोठलेलाच. जियाला आणखी एक मेल. यात "किळस" हा शब्द इंग्रजीत वापरला.

गुरुवार, १६ एप्रिल. दुपार.

लाइट गेली. इन्व्हर्टरनंही मान टाकली. बोर्ड, लॅपटॉप, सगळं एका दमात बंद. बॅटरीच्या उजेडात वायर शोधायला खालचा खण उघडला. वायर होती. बाकीही काही सामान होतं. खण लावून घेतला.

लाइट आल्यावर बोर्ड पुन्हा चालू केला. चित्रं धो धो यायला लागली. थांबेचनात. म्हणजे जियानं गुपचूप काहीतरी दुरुस्त केलंय. या पिढीचं हे असंच, चूक कबूल करायची नाही.

नंतर पाहिलं. तिनं एक अक्षर बदललेलं नाही. व्ह्यूअर तेवढा आता उघडा नव्हता.

आमच्याकडचा विजेचा दाब हा वेगळाच विषय आहे. त्यावर सविस्तर लिहायला हवं.

लगेच शिक्का मारला तर आधीच्या मेलची शोभा जाईल. उद्या देऊ. खिडकी उद्या संध्याकाळपर्यंत आहे.

शुक्रवार, १७ एप्रिल. रात्र.

सकाळी भाषेवर हात फिरवत बसलो. "काही गंभीर शंका कायम ठेवून" असं घालावं की नको. दुपारी पाहिलं तर ड्रायव्हर आत गेलाही. दुसऱ्याच कुणाच्या शिक्क्यानं. खाली मोठ्या साहेबांची ओळ: या विभागाची रिव्ह्यूअर म्हणून जियाला नेमत आहोत, अवघड संवादातही तिनं संयम ठेवला.

अवघड संवाद म्हणजे मी.

जेवताना स्वप्नालीनं विचारलं, "कसं झालं?" म्हटलं, राजकारण. ती म्हणाली, "खालचा खण मी सोमवारीच उघाडेल व्हता." वाटीत शेवयांची खीर होती. तिनं आणखी वाढली.

शनिवार, १८ एप्रिल.

सकाळी लिस्टवर मेल पाठवला. ड्रायव्हर नीट चालतो, अडकलेलं माझ्या बाजूला होतं. खाली नाव. विशेषणं घातली नाहीत.

मग खण उघडला. दांडा गमछ्यात गुंडाळून शेजारी गेलो. हुलासबाईंनी परत पीठ भिजवलं होतं. मशीन त्यांच्या ओट्याला आवळलेलं, दांड्याच्या जागी पाना लावून फाल्गुनी कशीबशी फिरवत होती. तिचे तळवे लाल. मी पाना काढला, दांडा बसवला, आणि आमच्या घरचं राहिलेलं देणं फेडायला बसलो. कुठे सापडला, कुणी विचारलं नाही.

मी जोरात फिरवायला लागलो, तर हुलासबाईंनी मनगट धरलं.

"थांबा ना भाऊ. आधी मी पीठ टाकस. मी 'हां' म्हनसू, मंग फिरावा."

थांबलो. त्यांनी पीठ टाकलं, अंगठ्यानं दाबलं.

"हां."

फिरवला.