‘आले’ कुणी म्हणायचं

१२ मे

बंदरावरच्या दगडाला आज फुलं वाहिली. गावातून, जपान सोडून ब्राझीलला गेलेल्यांच्या आठवणीचा दगड. कुवाबातानं — आमच्या वस्तीमंडळाचा अध्यक्ष — दरवर्षीचंच भाषण ठोकलं. "आपले शूर पूर्वज!" डोळेसुद्धा पुसले. शूर कसले? उपाशी होते. पोट भरलेला माणूस जहाजात कशाला चढेल!

१५ मे

मागची जाळ्यांची खोली भाड्यानं मिळेल का, विचारायला एक तरुण बाई आली. मारिल्दा उराकामी. ब्राझीलची. चेहरा अगदी इथला, नाव अर्धं तिकडचं. मासळी सुकवायच्या कारखान्यात कामाला आहे. आजी लहानपणी आमच्याच बंदरातून गेलेली.

दार सरकवलं, चपला काढल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाली — "आले!"

कुवाबाता चहाला बसला होता. असा खिदळला! "अहो बाई, पाहुण्यानं 'त्रास देते हं' म्हणायचं असतं. 'आले' म्हणतात ती घरची माणसं. एवढंही येत नाही, आणि म्हणे जपानी!"

ती कानापर्यंत लाल झाली. "आजीनं सांगितलं होतं. गावात पोचलीस की हेच म्हण."

नवरा, तोकुजी, गेल्यापासून हा शब्द या घरात कुणी म्हटलेला नाही. शेवटचं "जाऊन येतो" म्हणून गेला, होडी दुसऱ्यांनी ओढत आणली. मी बाजारातून येते ती मुकाट्यानं आत शिरते. म्हणायचं कुणाला?

खोली दिली.

१७ मे

शेजारची हारुयो कुंपणावरून — "वहिनी, ती लोकं मोठ्यानं गाणी लावतात हं." कोण लोकं? एकटी बाई आहे! हारुयोचा नवरा गायला लागला की मांजरंसुद्धा गाव सोडतात, त्याचं काही नाही.

२० मे

मंडळाची सभा. विषय — माझी खोली. नवरा गेलेल्या बाईची खोली म्हणजे गावची मालमत्ता!

मी फिरत्या वाचनालयाचं पुस्तक घेऊन गेले होते. माझी शाळा लहानपणीच सुटली, पण वाचायचं सोडलं नाही. म्हटलं, चार ओळी वाचते. "हे लोक आपल्यात मिसळत नाहीत. आपसांत त्यांचीच भाषा बोलतात. कमी पैशांत राबून आपल्या पोटावर पाय देतात. आज एक घर, उद्या सगळा गाव."

"बरोब्बर!" कुवाबाता मांडीवर थाप मारून म्हणाला. "कोण आहे हा? शहाणा माणूस दिसतो."

"ब्राझीलचा एक पुढारी. तुमच्या त्या शूर पूर्वजांबद्दल बोलतोय."

हारुयोचा नवरा फसकन हसला, तिनं त्याला कोपर मारलं.

कुवाबाता म्हणाला, "तो काळ वेगळा होता, वहिनी." काळ वेगळा! याचा स्वतःचा मुलगा मेलबर्नला सुशी वळतो. तो गेला तर धाडस, ही आली तर घुसखोरी.

२१ मे

रस्त्यात कुणी मान लववली नाही. बरंच झालं, माझी मान दुखतेच आहे.

२ जून

कुवाबाता दारातूनच — "वहिनी, नऊ तारखेला तोकुजीच्या स्मरणदिवसाला आम्हा कुणालाच यायला जमेलसं वाटत नाही. मासळीचे दिवस." मग आवाज खाली आणून, "ती खोली रिकामी झाली असती, तर बघितलं असतं."

मेलेल्या माणसाच्या आडून सौदा! हा तोकुजीबरोबर एका होडीत वाढला. त्याच्या हातचं कालवण वाडगे वाडगे ओरपलंय यानं.

तोकुजीला माणसं लागायची. घर भरलेलं लागायचं. बसायच्या रिकाम्या गाद्यांपुढे त्याचा फोटो कसा ठेवू?

३ जून

मारिल्दाच्या कानावर गेलंच. बोचकं बांधून उभी. "काकू, मी दुसरीकडे बघते. तुमच्याकडे माणसं येऊ देत."

"माणसं? कुठली माणसं? ठेव ते खाली. मुळा किस."

किसला. जाडाभरडा. आजीनं एवढं मात्र शिकवलेलं दिसत नाही.

८ जून

गाद्या किती मांडायच्या? सगळ्या मांडल्या. बघू दे तोकुजीला, कोण कोण आलं नाही ते.

९ जून

मठातले भिक्षू येऊन, सूत्र म्हणून गेले. बाकी कुणी नाही. खाडीवर होड्या बांधलेल्याच — मासळीचे दिवस म्हणे!

मग दार सरकलं. मारिल्दा, काळ्या कपड्यांत, हातात फुलं. खाली वाकून, अगदी घोटून आणलेलं — "त्रास देते हं."

इतका राग आला! कुवाबातानं शिकवलेलं माझ्या घरात?

"बाहेर हो. दार लाव. आणि नीट म्हणून आत ये."

ती घाबरून बाहेर गेली. दार लागलं. उघडलं.

"...आले."

"आलीस? ये."